काढ्यापासून किटपर्यंत : गर्भपाताच्या औषधांचा आपल्याकडचा इतिहास

आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो भर बैठकीत कुणी काढत नाही. बैठक संपते, सतरंजी गुंडाळली जाते आणि चपला घालता घालता एखादी हळूच विचारते, "ताई, मेडिकलमध्ये ते किट मिळतं म्हणे, पाचशे-सातशेला. त्यानं मोकळं होता येतं का? काही अपाय तर नाही ना?" विचारणारी नेहमी "माझ्या जावेसाठी विचारते" किंवा "शेजारणीसाठी विचारते" असंच म्हणते. आम्हीही तसंच समजून उत्तर देतो.

उत्तर दोन वाक्यांत संपणारं नाही. आणि त्या आधी एक हिशोब ऐका, तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. शाळेच्या पुस्तकात एवढं असतंच. तिथं विधवा बायांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं आणि बाळ ठेवायचं असेल तर ठेवून जावं, अशी सोय होती. १८८४ साली बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि विधवांची सक्ती यांवर टिपणं काढली आणि लोकांची मतं मागवली. तेव्हा जोतीरावांनी आपल्या घराचा हिशोब लिहून पाठवला. तोवर पस्तीस गरोदर विधवा तिथं येऊन बाळंत झाल्या होत्या. पस्तीसातली पाच मुलं जगली, तीस गेली. का गेली, तेही त्यांनी लिहिलंय. पोट लपवायसाठी आयांनी आधीच विषारी औषधं खाल्ली होती, त्यानं पोटातच मुलांना इजा झाली होती.

पस्तीसातली तीस. म्हणजे फुल्यांच्या दारापर्यंत पोचायच्या आधी जवळजवळ प्रत्येकीनं काही ना काही घेऊन पाहिलं होतं. आणि हा हिशोब फक्त पोचलेल्यांचा आहे. औषधानंच ज्या मेल्या, त्या कुणाच्या वहीत आल्या नाहीत.

तो काळ कसा होता? आठ-दहा वर्षांच्या पोरीचं लग्न साठीच्या म्हाताऱ्याशी लागायचं, वयात येईतो ती विधवा व्हायची. पुन्हा लग्न नाही. घरातलाच एखादा दीर किंवा मामा तिला फसवायचा, आणि दिवस गेले की दोष सगळा तिचा. त्यात इंग्रजांनी १८६० साली दंडसंहिता केली. तिच्या ३१२ कलमात गर्भपात हा गुन्हा ठरला, आणि करवणाऱ्याबरोबर स्वतः ती बाईही गुन्हेगार ठरली. गर्भाची हालचाल जाणवण्याआधी असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद, नंतर असेल तर सात. पोट पाडलं तर कैद, मूल जन्मून मारलं तर फाशी किंवा काळं पाणी, आणि मूल वाढवलं तर वाळीत. जोतीरावांनी काशीबाई नावाच्या एका विधवेची हकीकत त्या टिपणात दिली आहे. ती त्यांच्या मित्राच्या, गोवंड्यांच्या घरी स्वैपाकाला होती. दिवस गेले, औषधं घेऊन उपयोग झाला नाही, बाळंत झाली आणि घाबरून बाळ विहिरीत टाकलं. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. त्या नंतर आपण हे घर काढलं, असं ते सांगतात.

सुरतेच्या विजयालक्ष्मीवर १८८१ साली असाच खटला झाला, आधी फाशी झाली, मग मुंबईच्या हायकोर्टानं ती कमी केली. वर्तमानपत्रांनी सगळ्या बाईजातीवर तोंडसुख घेतलं. त्याचा राग येऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. कधी मिळालं तर गटात वाचा, आजही पुरुषमंडळींना झोंबेल.

आपल्या नगरचा या गोष्टीशी एक धागा आहे तो सांगून पुढं जाऊ. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाईंच्या मुलींच्या शाळा नगरला होत्या. जोतीरावांनी त्या पाहिल्या आणि मुलींची शाळा काढायचं मनावर घेतलं. सावित्रीबाईंनी मास्तरकीचं शिक्षण याच फरार बाईंकडे नगरला घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे ज्या बाईनं पुढं त्या पस्तीस जणींची बाळंतपणं निभावली, ती आपल्या गावात शिकून गेलेली.

आता ती विषारी औषधं कोणती? जुन्या वैद्यकाच्या आणि पोलिसी तपासाच्या पुस्तकांत नावं सापडतात : कण्हेरीचं मूळ, चित्रकाचं मूळ, रुईचा चीक. ती नावं आपल्यालाही नवी नाहीत, बांधाबांधावर उगवतात. कण्हेरी हृदय बंद पाडते. चित्रक आणि रुईनं आतली कातडी भाजते. या मुळ्यांची किंवा काड्यांची टोकं पिशवीत घालायची रीत होती, त्यातून पिशवीला भोक पडायचं, धनुर्वात व्हायचा, पू व्हायचा. यातलं कुठलंही औषध गर्भावर नेमकं काम करत नव्हतं. ते बाईला विष घालायचं, आणि बाईला विष चढलं की कधी कधी गर्भ पडायचा, एवढाच त्याचा गुण. पपई, तीळ, गूळ, बाजरी, जुना गूळ-ओव्याचा काढा यांनी विष होत नाही, पण दिवस गेलेले असतील तर त्यांनी काही पडतही नाही. नुसते आठवडे वाया जातात. आणि आठवडे वाया जाणं हे या विषयात फार महागात पडतं, ते पुढं येईलच.

फुल्यांच्या नंतर बरीच वर्षं कायदा होता तसाच राहिला. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यापायी खटले सोसले. पण त्यांचं काम गर्भ राहू नये याचं होतं. राहिल्यावर काय, हा प्रश्न सरकारनं हातात घेतला तो १९६४ साली. देशभरात बाया चोरून गर्भपात करून मरत होत्या. त्याचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते आपल्या महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. डिसेंबर १९६६ मध्ये समितीनं अहवाल दिला, १९७१ साली संसदेनं वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला.

१९७२ म्हटलं की आपल्याकडे म्हाताऱ्या बायांना एकच आठवतं. दुष्काळ. नगर जिल्ह्यात बाया खडी फोडत होत्या, सुकडी खात होत्या, पाझर तलावाची माती वाहत होत्या. दिल्लीत बायांसाठी असा कायदा लागू झालाय ही बातमी त्या खडीच्या ढिगापर्यंत कोण नेणार? आम्हाला वाटतं की या कायद्याचं पहिलं दुखणं हेच. तो झाला, पण सांगितला गेला नाही. सांगितला तोही कुटुंब नियोजनाच्या गाडीला जोडून. अनेक सरकारी दवाखान्यांत "आधी ऑपरेशन करून घे, मग पोट खाली करून देतो" असं ऐकवलं जायचं. कायद्यात अशी अट तेव्हाही नव्हती, आजही नाही. पण ज्यांना ऑपरेशन नको होतं त्या परत दाईकडे किंवा खाजगीत गेल्या.

त्याच सुमारास जामखेडला एक वेगळी गोष्ट घडत होती. डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० साली तिथं आले आणि त्यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. आशा योजना २००५ सालची, म्हणजे जामखेड तिच्या पस्तीस वर्षं आधी. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्ही हे इथं का आणतोय? तर पाळी, पिशवी, बाळंतपण यांवर घराबाहेर बसून, नावं घेऊन बोलता येतं, हे या जिल्ह्यातल्या बायांनी तिथं दाखवून दिलं. आज चपला घालता घालता का होईना, प्रश्न विचारला जातो, त्यामागं तीही पुण्याई आहे.

आता गोळ्यांकडे येऊ. किटात दोन औषधं असतात आणि दोन्हींचा इतिहास वेगळा आहे.

पहिली गोळी मिफेप्रिस्टोन. ती १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये शोधली गेली आणि १९८८ साली तिथं वापरायला परवानगी मिळाली. गर्भ टिकवून धरणारं एक संप्रेरक शरीरात असतं, प्रोजेस्टेरॉन. ही गोळी त्याचं काम अडवते. मग गर्भ पिशवीच्या अस्तरापासून सुटा होतो.

दुसरं औषध मिसोप्रोस्टॉल. हे मुळात जठराच्या अल्सरवरचं औषध. त्याच्या वेष्टनावर सूचना असायची : गरोदर बाईनं घेऊ नये, गर्भ पडेल. ब्राझील देशात गर्भपाताला कडक बंदी होती. तिथं १९८६ च्या सुमारास ही गोळी दुकानात आली आणि बायांनी ती सूचना उलटी वाचली. एकीनं दुसरीला सांगितलं. डॉक्टरांच्या लक्षात आलं ते नंतर, जेव्हा काड्या घालून सडलेल्या पिशव्या घेऊन येणाऱ्या बाया कमी व्हायला लागल्या. आम्हाला हा भाग फार आवडतो. मोठमोठ्या प्रयोगशाळांना जे सुचलं नव्हतं ते गरीब बायांनी ओळखलं. हे औषध पिशवी आकुंचित करतं, म्हणून आतलं सगळं बाहेर येतं. आणि त्याच गुणामुळे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाही तेच वापरतात. ज्या गोळीचं नाव काढलं की मेडिकलवाला मान हलवतो, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतिणीचा जीव वाचवत असते.

भारतात मिफेप्रिस्टोनला २००२ साली मान्यता मिळाली. त्याच साली गर्भपाताचा कायदा थोडा बदलला, आणि २००३ च्या नियमांनी पात्र डॉक्टरांना सुरुवातीच्या आठवड्यांत आपल्या दवाखान्यातून या गोळ्या लिहून देता येऊ लागल्या. २००८ साली दोन्ही औषधं एका पाकिटात आली. त्यालाच आपण किट म्हणतो.

म्हणजे कण्हेरीच्या मुळापासून सुरू झालेली गोष्ट इथं सुखानं संपायला हवी होती. ती संपली नाही, आणि त्याचं कारण आपल्याच भागातलं आहे.

सोनोग्राफी आली तसे लोक पोटातली मुलगी ओळखून पाडायला लागले. महाराष्ट्रानं १९८८ साली गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, देशात सगळ्यात आधी. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. तरी २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागं मुली बीडमध्ये ८०७ आणि आपल्या नगरमध्ये ८५२ च निघाल्या. हे आपलंच पाप आहे, ते झाकायचं कारण नाही. मग २०१२ साली परळीचं प्रकरण झालं. एक बाई तिथं पाच-सहा महिन्यांचा मुलीचा गर्भ पाडताना मेली. राज्यभर गदारोळ उठला, आणि उठायलाच हवा होता.

पण त्या गदारोळात एक गल्लत झाली. लिंगनिदान हा गुन्हा आहे. गर्भपात, कायद्यात बसणारा, हा गुन्हा नाही. भिंतीभिंतीवर, एसटीच्या मागं जी वाक्यं रंगवली गेली ती मात्र "भ्रूणहत्या पाप आहे" एवढीच. वाचणाऱ्या बाईला वाटलं, गर्भपातच बंद झाला. अन्न व औषध प्रशासनानं मेडिकल दुकानांवर या गोळ्यांसाठी धाडी घातल्या, एकेका किटाचा हिशोब मागितला. दुकानदारांनी विचार केला, पाच-दहा किटांसाठी लायसन कोण घालवणार? बहुतेकांनी गोळ्या ठेवणंच सोडलं.

आता तुम्हीच हिशोब करा. आपल्या कायद्यानं या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच चालतात. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे साधारण बारा आठवड्यांच्या आधी भरवशानं कळतच नाही. म्हणजे ज्या वेळी किट वापरायचं त्या वेळी पोटात काय आहे हे सोनोग्राफीला ठाऊक नसतं. मुलगी पाडणारे किटावर चालत नव्हते, ते पाचव्या महिन्यात चोरून पिशवी साफ करणाऱ्यांकडे जात होते. धाड पडली ती मात्र ज्या बाईला चौथं लेकरू नको होतं, जिचं तान्हं अजून अंगावर पीत होतं, तिच्या गोळ्यांवर.

गोळ्या बंद झाल्या का? नाही. त्या समोरच्या फळीवरून गल्ल्याखाली गेल्या. चिठ्ठीशिवाय, बिलाशिवाय, चढ्या भावानं आणि कागदाच्या पुडीत. २०१५ सालच्या गर्भपातांचा एक मोठा अभ्यास मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतल्या तज्ज्ञांनी इतरांबरोबर केला. त्या वर्षी देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले, असा त्यांचा अंदाज आहे. बहुतेक जणी नीट मोकळ्या झाल्या असणार, कारण औषध चांगलं आहे. पण पाकीट नाही, आतला कागद नाही, कुठली गोळी आधी आणि कुठली नंतर हे सांगणारं कुणी नाही, आणि जास्त रक्त गेलं तर कुणाकडे जायचं हे माहीत नाही. फुल्यांच्या घरी आलेल्या विधवांकडे वाईट औषध होतं. आपल्याकडे चांगलं औषध आहे आणि ते घ्यायची रीत मात्र तीच राहिली, रात्री, एकटीनं, कुणाला न सांगता.

म्हणून आता नीट समजून घेऊ. सगळ्यात आधी दिवस मोजायचे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा, नवऱ्याबरोबर झोपल्याचा दिवस नाही आणि पाळी चुकल्याचा दिवसही नाही. तिथून ६३ दिवस म्हणजे नऊ आठवडे. पाळी महिन्यानं येणारी असेल तर ती चुकते तेव्हाच चार आठवडे संपलेले असतात. म्हणजे हातात उरले पाच. त्यात दोन आठवडे पपई-तिळात आणि दोन "बघू, येईल" यात गेले तर काय उरलं? पाळी आठ दिवस लांबली की लघवीची तपासणी करायची. आशाताईकडे ते कार्ड असतं, फुकट असतं. कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला खूण करायची सवय प्रत्येक घरात लागली तर अर्धा प्रश्न सुटेल, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोंधळ. ७२ तासांची गोळी वेगळी. ती संबंधानंतर तीन दिवसांच्या आत घ्यायची, गर्भ राहू नये म्हणून. राहिलेला गर्भ तिनं पडत नाही. "पाळी आणायच्या" म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांनीही पडत नाही.

डॉक्टर काय करतात? दिवस मोजतात, पोट तपासतात, रक्त आणि रक्तगट बघतात, शंका असेल तर सोनोग्राफी सांगतात. मग पहिली गोळी देतात, आणि एक दिवस सोडून दुसरं औषध. दुसऱ्या औषधानंतर काही तासांत पोटात कळा येतात आणि अंगावरून जायला लागतं, पाळीपेक्षा जास्त, गाठीही पडतात. थंडी वाजते, मळमळतं, जुलाब होतात. ते सगळं या औषधाचंच आहे, घाबरायचं नाही. पहिल्या दिवसाचा जोर ओसरला की आठ-पंधरा दिवस थोडं थोडं जात राहतं. पंधराव्या दिवशी परत दाखवायला जायचंच. शंभरातल्या पाच-एक जणींचं पूर्ण होत नाही, त्यांची पिशवी साफ करावी लागते. आणि क्वचित गर्भ वाढतच राहतो. या औषधानंतर वाढलेल्या बाळाला व्यंग असू शकतं, म्हणून "रक्त गेलं, झालं मोकळं" असं समजून तो पंधरावा दिवस चुकवायचा नाही.

कुणी या गोळ्या घेऊच नयेत? गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला असेल तर या गोळ्या त्याला काही करत नाहीत. नळी फुटते आणि पोटात रक्त साठून बाई तासाभरात जाऊ शकते. एका बाजूला सारखं दुखणं, चक्कर, थोडं थोडं डाग लागणं, अशी लक्षणं असतील तर आधी तपासणी. तांबी बसवलेली असताना दिवस गेले असतील तर आधी ती काढावी लागते. रक्त न गोठण्याचा आजार, रक्त पातळ करायच्या गोळ्या, वर्षानुवर्षं स्टिरॉइड चालू असणं, हृदयाचं दुखणं, आधीचं सिझर, हे सगळं डॉक्टरला सांगायचं. आणि रक्त. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर घरी गोळ्या घेणं धोक्याचं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीच सांगते, तेव्हा "मी धडधाकट आहे" या भरवशावर राहायचं नाही.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या मैत्रिणींना इथं वेगळं सांगायला हवं. दिवाळी झाली की कोयता निघतो, चार-पाच महिने फडावर. तिथं ओळखीची आशाताई नाही, नर्सबाई नाही. उचल घेतलेली, खाडा पडला की पैसे कापले जातात. मग कुणीतरी रस्त्यावरच्या दुकानातून किट आणतं आणि बाई रात्री गोळ्या घेऊन पहाटे मोळ्या डोक्यावर घेते. दुसरं औषध घेतल्यावर तो दिवस आणि पुढचा दिवस तरी ओझं उचलायचं नाही, विसावा हवा, जवळ कुणी हवं, आणि दवाखाना गाठायला गाडी हवी. हे तिघंही फडावर नसतील तर तिथल्या सरकारी दवाखान्यात जाऊन तिथंच औषध घ्या. जायच्या आधी गावातच तांबी बसवून घेतली, किंवा अंतराचं इंजेक्शन, छायाच्या गोळ्या सुरू केल्या तर ही वेळच येणार नाही. आणि हेही लक्षात ठेवा, की गर्भपातानंतर दोन आठवड्यांत पुन्हा दिवस जाऊ शकतात. पाळी यायची वाट बघत बसू नका.

दवाखाना कधी गाठायचा, हे घरातल्या आणखी एकीला तरी तोंडपाठ करून ठेवायला सांगा. मोठी दोन पॅडं तासाभरात चिंब होतात आणि असं लागोपाठ दोन तास झालं, तर लगेच. कापड वापरत असाल तर कापड भिजून मांडीवरून धार लागणं हीच खूण. चक्कर येऊन डोळ्यांपुढं अंधारी आली, तर लगेच. दुसऱ्या औषधानंतर एका दिवसाहून जास्त ताप राहिला, घाण वास यायला लागला, वेदनेच्या गोळीनं न थांबणारं दुखणं असलं, तर लगेच. उलट, चोवीस तासांत काहीच गेलं नाही तरी डॉक्टरला दाखवायचं, दुकानातून दुसरं किट आणायचं नाही. १०८ ची गाडी यासाठीही येते. तिथं गेल्यावर गोळ्या घेतल्याचं लपवू नका, कधी आणि किती घेतल्या ते सांगा, रिकामं पाकीट बरोबर न्या. डॉक्टरला खरं कळलं तर उपचार लवकर होतो.

शेवटी कायद्याचं. १९७१ च्या कायद्यात २०२१ साली मोठा बदल झाला. आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं गर्भपात होतो. बलात्कार झालेली, अल्पवयीन, अपंग अशा काही बायांसाठी दोन डॉक्टरांच्या मतानं चोवीस आठवड्यांपर्यंत. बाळात मोठं व्यंग असेल तर त्याही पुढं, पण ते वैद्यकीय मंडळ ठरवतं. जुन्या कायद्यात साधन फसल्याचं कारण फक्त लग्नाच्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला लागू होतं. नव्यात "बाई आणि तिचा जोडीदार" असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लग्न न झालेल्या बाईलाही चोवीस आठवड्यांची मुभा आहे, आणि नवऱ्यानं बळजबरी केली असेल तर या कायद्यापुरती तीही बळजबरीच धरायची.

चोवीस आठवड्यांच्या त्या यादीत आणखी एक कलम आहे. गरोदरपणातच जिचा नवरा वारला किंवा जिचा घटस्फोट झाला, ती बाई. विधवेचं नाव कायद्यात आलं, पण गुन्हेगार म्हणून नाही. काशीबाईनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी.

सही कुणाची लागते, हे आम्हाला दर वेळी विचारलं जातं. अठरा वर्षं पुरी झालेल्या बाईची स्वतःची. नवऱ्याची नाही, सासूची नाही. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची लागते, आणि तिथं बाललैंगिक अत्याचाराचा कायदाही लागू होतो, पण तेवढ्यासाठी मुलीला दवाखान्यापासून लांब ठेवू नका. तिचं नाव पोलिसांना कळवायची डॉक्टरवर सक्ती नाही, असं त्याच २०२२ च्या निकालात आहे. तुमचं नाव दवाखान्यानं बाहेर फोडणं हा कायद्यानं गुन्हा आहे. सरकारी रुग्णालयात याचे पैसे पडत नाहीत. नगरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जायच्या आधी आशाताईला विचारून घ्या, की तिथं ही सोय कुठल्या वारी असते. तिला विचारायचं नसेल तर १०४ वर फोन लावा. जाताना पाळीची तारीख लिहून न्या.